चूळ भरायचं पाणी

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

आज विश्रामबागेत आमच्याकडे कॉलेजची एक मुलगी सर्व्हेला आली होती. नळाला चांगलं पाणी आलं तर महिन्याला किती जास्त पैसे द्याल, असं विचारत होती. मी ताडकन म्हटलं, "एक रुपयाही नाही. आमच्याकडे फिल्टर आहे."

तिनं शून्य लिहिलं. मग विचारलं, "काकू, दात घासायला कुठलं पाणी घेता?"

"नळाचंच की! चूळ भरून टाकायचीच असते."

आतून आटपाडीच्या आमच्या सासूबाई म्हणाल्या, "आगं, तुजा ल्योक चूळ टाकतोय कुठं? रोज गिळतोय त्यो!"

समोरच्या घरातली चिमुरडी काविळीनं चार दिवस दवाखान्यात आहे. आमचा पाच वर्षांचा तिच्याच बरोबरीचा.

दुपारी त्यानं शाळेचा डबा न खाता तसाच परत आणला. "भूक नाही," म्हणाला. तेव्हापासून त्याला खिडकीशी नेऊन तीनदा डोळे बघितले. पिवळे नाहीत. निदान मला तरी दिसत नाहीत.

त्या मुलीच्या कागदावर माझं शून्य तसंच आहे.

तुमची पोरं चूळ टाकतात की गिळतात? आज एकदा शेजारी उभं राहून बघाल का?