ओदालिसची खिडकी

चार माणसं फुटपाथवर उभी राहून एकाच पेल्यातली कॉफी वाटून पितात, ह्यात कुणाच्या बापाचं काय जातं? ‘ला सेइबा’च्या साहेबांचं जात होतं. ह्या क्यूबन हॉटेलाच्या मायामीभर शाखा. पण हायलीयातल्या शाखेची शान म्हणजे रस्त्याकडची कॉफीची खिडकी, आणि खिडकीत ओदालिस. साखर घोटून फेस काढायची, भरल्या पेल्याबरोबर अंगठ्याएवढे रिकामे कप सरकवायची, वर एक टोमणा फुकट. अर्धं आयुष्य तिनं त्या खिडकीत काढलं होतं.

नवा मॅनेजर दानिलो वरून हुकूम घेऊन आला. सोमवारपासून खिडकी बंद, ओदालिस मागे भांडी घासायला.

“मावशी, ही म्हातारी मंडळी एक कॉफी घेतात आणि दिवसभर भांडतात. खरं गिऱ्हाईक आत बसतं, एसीत.”

“बरोबर आहे, राजा. गिऱ्हाईक आतच बसलं पाहिजे.”

ओदालिस इतकं गोड कधी बोलत नसे. दानिलोला तेव्हाच घाम फुटायला हवा होता.

सोमवारी ऐन जेवणाच्या वेळी आर्सेनियो आत शिरला. खिडकीवरचा सगळ्यांत मोठ्या आवाजाचा म्हातारा हाच. त्याच्यामागून बाकीचे. कोण कुठं बसणार हे ओदालिसनं आदल्या दिवशीच वाटून दिलं होतं: टेबलाला चौघं, चौघांत एक कॉफी. डोमिनोच्या सोंगट्या आपटायला लागल्या. आधी बेसबॉलवरून जुंपली, मग हवानात कुणाची गल्ली भारी ह्यावरून. भाजलेलं डुकराचं मटण आणि काळ्या घेवड्याचा भात खायला आलेली कुटुंबं दारातूनच परत फिरली.

“आजोबा, जेवायला काय आणू?” दानिलोनं विचारलं.

“जेवून आलोय, बाळा. एसी जरा वाढव.”

“टेबल कधी सोडताय?”

“कॉफी संपली की.”

कपात थेंबभर उरली होती. आर्सेनियो ती पीत नव्हता.

दानिलो मोरीकडे धावला. “मावशी, त्यांना बाहेर काढा ना.”

“मी? मी भांडी घासते, बाबा. खरं गिऱ्हाईक आत बसलंय, तू सांभाळ.”

दानिलोनं भरलेल्या टेबलांकडे एकदा वळून पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून त्यानंच खिडकी उघडली. ओदालिस हात पुसत आली, फडकं त्याच्या हातात कोंबलं.

“काच पूस. मी मशीन तापवते.”

तेव्हा तुमच्याही गल्लीतली अशी एखादी जागा कुणी बंद करायला निघाला, तर बाहेर घोषणा देत उन्हात सुकू नका. चौघं गोळा करा, एक कॉफी मागवा, आणि खुशाल आत जाऊन बसा.