कॉम्प्युटर लॅबमधला रॉकेलचा वास

मी रसायनशास्त्र शिकवतो. भास, संकेत, अमानवीय वगैरे... असल्या गप्पांना स्टाफरूममध्ये सगळ्यांत जास्त हसणारा मीच. तरी हे लिहितोय, कारण त्या दुपारी मी एकटा नव्हतो.

छत्रपती संभाजीनगर, हर्सूल तलावाच्या अलीकडचं आमचं कॉलेज, दुसऱ्या मजल्यावरची कॉम्प्युटर लॅब. मे महिना. या खोलीत रसायनाची एक बाटलीही नसते. माझी पीएचडीची विद्यार्थिनी तबस्सुम, पडेगावची, युरेनियम वेगळं काढण्याचं मॉडेल करत होती. आम्लाचं पाणी आणि रॉकेलसारखं तेल एकत्र घुसळतात. तेलात मिसळलेलं एक रसायन युरेनियमला वर ओढून घेतं, बाकीचं खाली पाण्यात राहतं. वर किती जाईल, ते मॉडेलनं सांगायचं. पण दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं पाठवलेल्या मोजमापांत युरेनियम दरवेळी जास्तच वर गेलेलं. सादरीकरण तोंडावर आलेलं. जुळलं नाही तर तिचा प्रबंध लटकणार होता.

"एक स्थिरांक थोडा वाढव. कोण बघतंय?" हे मी म्हणालो... तिचा गाइड. लिहितानाही लाज वाटते.

"नक्को सर. उद्या कुणी या आकड्यांवर खऱ्या टाक्या बांधल्या तर?"

मी रागानं खुर्ची मागे सरकवली. तेवढ्यात रॉकेलचा वास आला — दाट, घशात बसणारा.

"सर, तुम्हाला पण येतोय?"

शिपाई गोविंदमामा चहा घेऊन आलेले. त्यांना विचारलं.

"मला तं कायबी येईना. ऊन लागलं व्हय दोघायला?"

टेबलांखाली, जिन्यात, गच्चीवर बघितलं. कुठं काही नाही. तबस्सुम मात्र मध्येच थांबली.

"सर, वास येतो म्हणजे तेल उडतंय. मोजमापं पाठवणाऱ्यांची भांडी उघडी असली तर?"

तेल उडालं की उरलेल्यात ते रसायन दाट होतं आणि युरेनियम जास्त ओढतं. आम्ही त्या रसायनाचं तेलातलं प्रमाण कायम धरून बसलेलो. फोन केला. भांडी उघडीच होती, तेलही तेच पुन्हा पुन्हा वापरलेलं. तिनं बाष्पीभवन मॉडेलमध्ये घातलं आणि आकडे जुळले.

सादरीकरणात एका तज्ज्ञांनी विचारलं, "बाष्पीभवन सुचलं कसं?"

"वास आला, सर. कॉम्प्युटर लॅबमध्ये."

हॉल हसला. तिनं नजर खाली केली नाही. मग मीही उठलो.

"मलाही आला होता," मी म्हणालो. "आणि स्थिरांक वाढव, असं मी हिला सांगितलं होतं. हिनं ऐकलं नाही."

हसणं थांबलं.

"पण वास आला कुठून?" त्यांनी मला विचारलं.

"माहीत नाही."

आजही माहीत नाही. पण तिच्या शेजारी उभा राहून ते म्हणताना माझी मान ताठ होती.