आगाऊ टोपी

ती लाल टोपी फक्त आधी पैसे भरणाऱ्यांनाच मिळणार होती. ती कापडाची नव्हती, तिला हात लावता येणार नव्हता आणि ती माझ्या डोक्यावरही बसणार नव्हती. एका व्हिडिओ गेममधल्या जहाजाच्या कप्तानाच्या डोक्यावर ती असणार होती, आणि तो कप्तान मी चालवणार होते, म्हणून ती माझी. मी चाळिशी ओलांडलेली बाई. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. पेपर तपासताना अर्धा गुण वाढवून द्यायचा तर दहादा विचार करते. त्या टोपीसाठी मात्र गेम बाजारात यायच्या कितीतरी महिने आधी मी पूर्ण पैसे भरून मोकळी झाले, तेही चहा गार व्हायच्या आत.

मी गेम खेळते हे फारसं कोणाला माहीत नाही. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की मी लगबगीने निघते, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटतं, आईच्या औषधांची वेळ झाली असेल. आई ठणठणीत आहे. शनिवारी माझ्या धाकट्या भावाला सुट्टी असते, एवढंच. तो कुवेतला नोकरी करतो. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा एक स्वस्तातला गेम होता. त्याच्या दोन रिमोटपैकी एकच धड चालायचा आणि त्याच्यासाठी आम्ही एकमेकांचे केस ओढायचो. आता दोघांकडे आपापला कॉम्प्युटर आहे. केस ओढता येत नाहीत, कारण मध्ये अख्खा अरबी समुद्र आहे आणि त्याच्या डोक्यावर आता केसही फारसे नाहीत.

त्या गेमची जाहिरात त्यानेच पाठवली. शिडाचं मोठं जहाज, वादळ, आभाळाला टेकणाऱ्या लाटा. दोघांनी मिळून एकच जहाज हाकायचं. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने तोफा आणि शिडं सांभाळायची. मी ती जाहिरात पुन्हा पुन्हा पाहिली. ज्या खुर्चीत बसून पाहिली, तिथून शेजाऱ्यांचे माड वाऱ्याने हलले की खिडकीतून खरा समुद्र दिसतो. त्याच्याकडे मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

आई मागे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, समुद्रच बघायचा तर मांडवीला जाऊन ये, येताना भाजी पण आण.

गेमचे तीन प्रकार होते. एक साधा. दुसऱ्यात टोपी. तिसऱ्यात टोपी, आणि शिवाय बाकीच्या जगाच्या थोडे दिवस आधी खेळायला मिळणार. पहिल्यात आणि तिसऱ्यात किमतीचा फरक एवढा होता की तेवढ्यात घराला चांगला मिक्सर आला असता. आमच्या मिक्सरचं झाकण दाबून धरावं लागतं, नाहीतर चटणी भिंतीवर जाते. मी तिसरा प्रकार घ्यायचं ठरवलं. भावानेही तोच घेतला होता, आणि तो आधी सुरू करणार आणि मी मागून येणार हे मला लहानपणीही चाललं नव्हतं.

आई वालाच्या बिरड्या सोलत बसली होती. मी तिला उत्साहाने सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"अगो, पण तो गेम संपणार आहे का?" तिने विचारलं.

"संपणार म्हणजे?"

"म्हणजे दुकानात गेलीस आणि नाही मिळाला, असं होईल?"

"नाही गं. तो कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा असतो. कितीही लोकांनी घेतला तरी संपत नाही."

"मग आधी कशाला घेतेस?"

मी टोपीचं सांगितलं. टोपी घरी येणार का, असं तिने विचारलं. नाही, म्हटलं, गेममधल्या माणसाच्या डोक्यावर असेल. आईने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुढची बिरडी उचलली.

यातली खरी गंमत मला तेव्हा दिसली नाही. पावसच्या वाटेवर आमची थोडी हापूसची कलमं आहेत. बाबा गेल्यापासून आई आणि मी ती बघतो. थंडी संपता संपता आम्ही आंब्याच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी घेतो, आणि त्याचा मेसेज ओळखीपाळखीच्या सगळ्यांना मीच पाठवते. त्यात दरवर्षी एक वाक्य असतं: पेट्या मोजक्याच आहेत, नोंदणी लवकर करावी. या एका वाक्यावर पुण्या-ठाण्याची शहाणी माणसं झाडावर आंबा दिसायच्या आधी पैसे पाठवतात. इतकी वर्षं मी स्वतः ते वाक्य लिहीत आले. गेमवाल्यांनी टोपीच्या निमित्ताने तेच मला लिहिलं, तेव्हा मला त्याची ओळखसुद्धा पटली नाही. आमचं निदान खरं तरी असतं, झाडाला लागतील तेवढेच आंबे.

पैसे भरल्यावर वाट बघणं सुरू झालं. गेम एकदा पुढे ढकलला गेला, मग आणखी एकदा. दर वेळी एखादी नवी जाहिरात यायची आणि आम्ही दोघं ती फोडून फोडून बघायचो. तोपर्यंत भावाचा फोन आईला रविवारी यायचा. जेवलास का, हवा कशी आहे, पैसे पोचले, झालं. माझ्याशी तो खेळताना बोलायचा, पण ते बोलणं म्हणजे "डावीकडे बघ" आणि "मेलीस का?" एवढंच. आता तो रोज काही ना काही लिहू लागला. जहाजाचं नाव काय ठेवायचं यावर आमचं बरेच दिवस भांडण चाललं. त्याला काहीतरी इंग्रजी, दात विचकणारं नाव हवं होतं. मला ते बारशाच्या लायकीचं वाटत नव्हतं. शेवटी 'सुरमई' या नावावर तह झाला, कारण तिकडे त्याला मनासारखी सुरमई मिळत नव्हती आणि तो त्याच विचारात होता. मग सुरमईवरून त्याने आईच्या हातच्या कालवणाची आठवण काढली. मग असंच कधीतरी, तिकडे गेल्यावर पहिलं वर्ष त्याने किती रडत काढलं, तेही लिहिलं. हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी उत्तरात तोफांची माहिती पाठवली.

गेम फेब्रुवारीच्या शेवटी आला. मी रजा टाकली. अर्जात 'घरगुती काम' असं लिहिलं आणि प्राचार्यांनी सहानुभूतीने सही केली. भावानेही तिकडे सुट्टी घेतली. सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून मी कॉम्प्युटरसमोर बसले. गेम उतरायला लागला आणि पाऊण झाल्यावर लाईट गेली. वायरमन खांबावर काम करत होता. मी गेटपाशी जाऊन त्याला अजून किती वेळ लागेल ते इतक्यांदा विचारलं की, घरात कोणी आजारी आहे का, असं त्याने काळजीने विचारलं. मी मान अशी काही हलवली की तिचा अर्थ त्याने त्याचा लावावा.

दुपारी जेवण उरकल्यावर गेम एकदाचा सुरू झाला. बंदर दिसलं. माझा कप्तान दिसला. टोपीसुद्धा दिसली, फक्त ती त्याच्या डोक्यावर नव्हती. डोक्याच्या वीतभर वर हवेत होती. कप्तान चालायला लागला की टोपी जरा थांबून विचार करायची आणि मग त्याच्या मागे निघायची. वळला की ती सरळ पुढे जायची आणि चूक कळल्यासारखी परत यायची. मी जहाजावर चढले. जहाज बंदरातून निघालं आणि थोड्या अंतरावर समुद्रच संपला. म्हणजे किनारा आला असं नाही, पाणीच नव्हतं. जहाज करड्या पोकळीत तरंगत होतं आणि खाली कुठेतरी एक मासा उभा पोहत होता.

तेवढ्यात भावाचा फोन आला. त्याचा आवाज फार संथ होता.

"ताई, दोघांनी मिळून खेळायचं बटण तुला दिसतंय?"

"दिसतंय. पण दाबलं जात नाही."

"त्याच्याखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच."

मी चष्मा वर करून वाचलं. लवकरच येत आहे, असं लिहिलं होतं. आम्ही तो गेम त्या एका बटणासाठी घेतला होता. टोपीसाठी असं मी आत्तापर्यंत म्हणत आले, पण ते खरं नाही.

मग आम्ही फोन व्हिडिओवर घेतला, स्क्रीनकडे तोंड करून टेकवून ठेवला, आणि दोघं आपापल्या जहाजात एकेकटे बसलो. त्याची सुरमई वेगळी, माझी वेगळी. त्याच्या कप्तानाला चेहराच नव्हता, नुसते डोळे आणि दात होते. संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांना आपापले बिघाड दाखवत होतो. आई चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघत उभी राहिली आणि तिने विचारलं, टोपी अशी वर का गेलीय. मी सांगितलं की ते अजून दुरुस्त करणार आहेत. "आधी भरले होतेस ना पैसे?" ती म्हणाली. पलीकडून भाऊ इतका हसला की त्याच्या कप्तानाने जहाज धक्क्यावर नेऊन आदळलं.

दुसऱ्या दिवशी मी पैसे परत मागितले. अर्ज व्यवस्थित, मुद्देसूद लिहिला. शिक्षिका आहे, तेवढं येतं. उत्तर फार गोड आलं. माझ्या प्रेमाबद्दल त्यांनी आभार मानले होते. पण ठरावीक वेळेपेक्षा जास्त खेळल्यावर पैसे परत देता येत नाहीत, असा नियम होता. त्या वेळातला बराचसा वेळ मी टोपी खाली बसवायचा प्रयत्न करत काढला होता, हे मी कळवलं नाही. मला टोपी घातली होती, आणि ती सुद्धा नीट बसली नव्हती.

त्याच सुमाराला कलमांची स्थिती कळली. थंडी नीट पडलीच नव्हती, तुडतुड्याची कीड पडली होती आणि मोहोर बराचसा काळा पडून गळला होता. घेतलेल्या नोंदणीएवढे आंबे होणार नाहीत हे दिसत होतं. आईने मला बसवलं आणि सगळ्यात शेवटी नोंदणी केलेल्यांपासून सुरुवात करून पैसे परत पाठवायला लावले. ठाण्याच्या एक बाई म्हणाल्या, राहू देत, पुढच्या वर्षी घेऊ. मला ते सोयीचं वाटलं. आई नको म्हणाली. पुढच्या वर्षीचा मोहोर कोणी बघितलाय, आणि त्यांचे पैसे तोवर आपण का ठेवून घ्यायचे, असं तिचं म्हणणं. मी एकेकाला मेसेज लिहीत गेले. माफीची वाक्यं लिहिताना मला ते गोड उत्तर आठवत होतं आणि मी प्रेमाबद्दल आभार मानायचं कटाक्षाने टाळलं. पुढच्या वर्षीपासून फळ सुपारीएवढं झाल्याशिवाय नोंदणी घ्यायची नाही, असं आईने तेव्हाच जाहीर केलं. कारण तिने मोहोराचं सांगितलं, पण सांगताना ती बघत होती माझ्या कॉम्प्युटरकडे.

गेम दुरुस्त झाला, तो गणपतीच्या सुमाराला. तोवर त्याची किंमत निम्म्यावर आली होती आणि लाल टोपी सगळ्यांना फुकट वाटली जात होती. पैशांचं मला इतकं वाटलं नाही. पण बंदरात जो तो तीच टोपी घालून फिरताना पाहून मला जो राग आला, तो माझ्या वयाला आणि पदवीला अजिबात शोभणारा नव्हता. भाऊ सुट्टीवर आला होता. गणपती गेल्यावर आम्ही जेवणाच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले आणि एका सुरमईवर चढलो. समुद्र शेवटपर्यंत होता. भावाने पहिल्याच खडकावर जहाज फोडलं आणि मी तोफ वेळेवर डागली नाही म्हणून ते झालं असं म्हणाला. आईने दोघांनाही उठवून ताटं मांडायला लावली.

आधी पैसे भरणं परवडतं का, हे कोणी मला विचारलं तर मी आता फळ्यासमोर उभी राहून सिद्ध करून दाखवीन की नाही. गेम संपत नाही, उशिरा घेतला तर स्वस्त मिळतो आणि धड चालतोही. भाऊ परत गेल्यावर त्याने एका नव्या गेमची जाहिरात पाठवली. यात घोडे होते. मी त्याला हेच सगळं मुद्देसूद लिहून कळवलं. सहा-आठ महिने थांबू, म्हटलं. त्याला पटलं. बरोबर आहे तुझं, एवढंच त्याने लिहिलं.

मग त्याचं रोजचं लिहिणं कमी होत गेलं. शनिवारी आम्ही जुनंच काहीतरी खेळायचो, डावीकडे बघ, मेलीस का. रविवारी आईला फोन यायचा. जेवलास का, हवा कशी आहे. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत ते ऐकायची. असे काही आठवडे गेल्यावर एका रविवारी मी आईच्या हातून फोन घेतला आणि तो घोड्यांचा गेम नक्की कधी येतोय, ते सहज विचारावं तसं विचारलं.

"मी भरलेत पैसे," तो म्हणाला. "तू ओरडशील म्हणून बोललो नाही."

मी ओरडले नाही. घोड्याचं नाव काय ठेवायचं, ते विचारलं.