हवेत आवळलेले दोन बोल्ट

आईच्या कमरेचा मणका मोडला त्याला वर्ष झालं होतं. पट्टा बांधून प्रवास करायला डॉक्टरांनी परवानगी दिली, पण दणके बसता कामा नयेत असं बजावलं. आईला जायचं असायचं ते एकाच ठिकाणी. अकोल्याची धाकटी मावशी उजवी बाजू लकव्यानं गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हती. ती अमरावतीला येऊ शकत नव्हती, म्हणून मणका मोडेपर्यंत आई महिन्यातून एकदा तिच्याकडे जायची. आता रेल्वेची पायरी आईला चढवत नव्हती. भाड्याची गाडी मी सुचवली तेव्हा ती म्हणाली, "घरची गाडी हाये ना. भाड्याची कावून?"

घरची गाडी चौदा वर्षांची होती. मागचे दोन्ही शॉकअप गेले होते. नळ्यांवरून तेल ओघळलं होतं आणि त्यावर धुळीचा काळा थर बसला होता. डिकी दाबून सोडली की गाडी चार-पाच वेळा वरखाली व्हायची. मी गॅरेजचा विषय काढला. वडील आयटीआयमधून फिटरचे निदेशक म्हणून निवृत्त झालेले.

"दोन नट अन् दोन बोल्टचं काम," ते म्हणाले. "त्याच्यासाठी माणूस लावू?"

रविवारी सकाळी अंगणात काम सुरू झालं. जॅकनं मागचा भाग उचलून तो लोखंडी घोड्यांवर ठेवला. घोड्या वडिलांनीच कधीकाळी वेल्ड केलेल्या होत्या. शेजारचे गृहस्थ भिंतीवरून डोकावले.

"काय जी सर, भंगारात काढली का?"

"तुमची स्कूटर घेतली का भंगारवाल्यानं? मंग आमची देतो."

वरचे नट डिकीतून निघाले. खालचे बोल्ट गंजले होते. त्यावर डिझेल ओतून अर्धा तास वाट पाहिली, मग सतरा नंबरच्या पान्यावर दोन फूट पाईप चढवून ते सोडवले. नवे शॉकअप बसले. खोक्यात एक छापील कागद होता. खालचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच पूर्ण आवळा, असं त्यात ठळक अक्षरांत होतं. कारणही दिलं होतं. बोल्टभोवतीचं रबर ज्या स्थितीत आवळलं जातं तीच स्थिती धरून बसतं. गाडी अधांतरी असताना आवळलं, तर खाली उतरवल्यावर ते पिळलेलंच राहतं. गाडी कडक होते आणि रबर फाटतं. मी ते मराठीत करून मोठ्यानं वाचून दाखवलं.

"पेपर वाचू नको बे, पाना पकड," वडील गाडीखालून म्हणाले. "तीस वर्स पोट्टे शिकवले म्या. तुले कागद समजते, मले लोखंड समजते. गच्च आवय."

मी पाना धरला. त्यांनी पाईप लावून दोन्ही बोल्ट हवेतच आवळले. मग गाडी खाली उतरवली, डिकी दाबली. ती एकदाच हलून थांबली. वडिलांनी हात पुसले.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे अकोल्याला निघालो. वडील गाडी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, आई मागे. बडनेरा सोडल्यावर रस्त्यावरचा प्रत्येक सांधा खालून बुक्का मारल्यासारखा लागत होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे वडिलांनी आरशात पाहून विचारलं, "काय वो, कशी झाली गाडी?"

"मस्त झाली जी."

मी मागे वळून पाहिलं. आईनं दोन्ही तळहात सीटवर रोवले होते आणि कंबर सीटपासून वर उचलून धरली होती.

आमच्या घरात हा शब्द ठरलेला होता. वडिलांनी दाराची कडी बसवली, पंखा दुरुस्त केला, माझ्या सायकलचा दांडा जोडला, की सगळ्यांनी मस्त म्हणायचं. दांडा तिसऱ्या दिवशी तुटला होता. माझा गुडघा फुटला, तरी सायकल मस्तच होती.

त्या दुपारी मावशीच्या पलंगावर आई उताणी पडून राहिली आणि मावशी तिच्याजवळ खुर्चीत बसली. वडील पान खायला बाहेर गेले तेव्हा आई मला म्हणाली, "आता माह्यं येणं नाई होत. त्याईले सांगजो नको."

मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, अंगणात. बोल्ट ढिले करून, गाडी जमिनीवर असताना पुन्हा आवळू, एवढंच म्हणालो. वडिलांनी आईला हाक मारली.

"इकडे ये वो. हा म्हणते गाडी दणके मारते."

आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "नाई जी. मस्त हाये."

"झालं?" वडील मला म्हणाले.

काम दहा मिनिटांचं होतं. वडील रोज एक ते तीन झोपतात. पाना खिळ्याला टांगलेला होता आणि कोणते दोन बोल्ट ते मला ठाऊक होतं. मी गाडीखाली गेलो नाही. एकदा ढिले करून पाहू, असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हणावं, याची मी वाट पाहत राहिलो. आईचा मणका दुपारच्या त्या दोन तासांवर अडला होता हे तेव्हाही मला कळत होतं. मला त्यांना चूक ठरवायचं होतं, आणि तेवढ्यासाठी मी तिला थांबवून ठेवलं.

पुढच्या महिन्यात आईचे गुडघे दुखत होते. त्यानंतर ऊन फार होतं. त्यानंतर तिला कोणी विचारलं नाही. चार महिन्यांनी रबर फाटलं आणि मागून खडखड येऊ लागली. वडील म्हणाले, "आजकालचा मालच बोगस." शेवटी गॅरेजवाल्यानं ते बदललं. त्यानं बोल्ट गाडी जमिनीवर ठेवून आवळले. मी समोर उभा होतो. गाडी आता खरोखर चांगली चालते. हे मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "चांगलं झालं," आणि भाजी निवडत राहिली.

मावशीचा फोन रविवारी येतो. पूर्वी ती आधी विचारायची, "कधी येतं वो बाई?" आता ती विचारते, भाजी कायची केली.