मींडेसाठी चिप

गळ्याच्या ऑपरेशननंतर आईचं बोलणं परत आलं, गाणं आलं नाही. नेपियर टाउनच्या आमच्या घरी ती मुलींना गाणं शिकवायची. ते वर्ग बंद पडले. मी हौसेने मॉड्यूलर सिंथेसायझर बनवते, म्हणजे सूर काढणारे, वळवणारे सुटे डबे करून ते तारांनी जोडायचे. म्हटलं, आईसाठी एक डबा करू. डब्यावरच्या स्पर्श ओळखणाऱ्या फितीवर बोट सरकवलं की सूर सरकेल, आणि सा हव्या त्या पट्टीत बांधता येईल.

सा बांधायचं आणि लक्षात ठेवायचं काम मायक्रोकंट्रोलरचं, म्हणजे एका चिपमध्ये मावणाऱ्या छोट्या संगणकाचं. तो कुठला घ्यावा यावर आमच्या घरी एकच नियम. बाबा संरक्षण कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. माल शिल्लक असेपर्यंत नवी मागणी लिहायची नाही. माझ्याकडे जुन्या, स्वस्त आठ-बिटच्या चिपा पडून होत्या.

"आहे ते काहून नाही वापरून राहिली?" बाबा म्हणाले. मलाही पटलं. त्यातलीच एक बसवून डबा केला.

आईने सा पासून गंधारापर्यंत बोट ओढलं. सूर सरकला नाही, जिना चढला. त्या चिपकडे बाहेर द्यायला सुराच्या मोजून २५६ पायऱ्या. चार-पाच सप्तकांत वाटल्या की एकेक कानाला टोचते. दिवे लुकलुकवायला ती उत्तम, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणाऱ्या मींडेला नाही.

"मी अशी गात होते काय?" आईने हळूच विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांना न विचारता बत्तीस-बिटचा बोर्ड मागवला, सोबत सूर बाहेर काढायला वेगळी बारा-बिटची चिप. पायऱ्या चार हजारांवर गेल्या. पण हा बोर्ड नाजूक. साडेतीन व्होल्टच्या वर सोसत नाही, आणि सिंथेसायझरच्या तारा सर्रास पाच देतात. घाईत मी तो जाळला. बाबांना वासावरूनच कळलं.

"चलो, स्टोअर रिकामं झालं," ते म्हणाले. "आता दोन मागव."

दुसरा नीट बसवला. आईने बोट ओढलं, सूर अखंड गेला. तिने परत ओढलं आणि कपाळाला आठी घातली.

"काय झालं, आई? पायऱ्या?"

"नाही गं. गंधार चढा लागून राहिला. डबा ठीक आहे, बोट माझं बेसूर आहे."

तिने मला खोलीबाहेर काढलं, दार लोटलं आणि तोच गंधार पुन्हा पुन्हा घेत राहिली. ऑपरेशननंतर आई पहिल्यांदा रियाजाला बसली होती.