जस्ताच्या अणुभाराचा संदर्भ

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत प्रबंधाची संदर्भसूची कुणी नव्यानं लिहीत नसे. आधीच्या विद्यार्थ्याची उचलायची, त्यात आपले चार संदर्भ घालायचे, झालं. अणुभाराचा संदर्भ तर पिढीजात होता. रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना प्रमाणित अणुभारांचा तक्ता अधूनमधून सुधारून छापते, हे सगळ्यांना माहीत होतं. तो उघडून पाहिलेला माणूस मला भेटला नव्हता. आकडे आम्ही भिंतीवरच्या पिवळ्या पडलेल्या तक्त्यावरून घ्यायचो.

मी त्यावर कडी केली. जुने संदर्भ बघून परीक्षक नाक मुरडतात, म्हणून तक्त्याचं वर्ष खोडून अलीकडचं टाकलं.

प्रबंध टाईप केला माझ्या थोरल्या बहिणीनं. अहमदपूरला एसटी स्टँडजवळ तिचं टायपिंगचं दुकान आहे. खोडलेल्या वर्षापाशी तिची बोटं थांबली.

"वर्ष बदलून राहिलास, पण आतलं बघितलास का न्हाई?"

"अक्का, तू टाईप कर. केमिस्ट्री मला कळते," मी खेकसलो. मला राग लवकर येतो, आणि बरोबर बोलणाऱ्याचा जरा जास्तच येतो.

आमच्याकडे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा म्हणजे घरचं कार्यच. शाल, हार, पेढे घेऊन माणसं मागच्या रांगेत बसतात. अक्काही दुकान बंद ठेवून, पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसली होती. लातूरच्या एका कॉलेजातली माझी मुलाखत चार दिवसांवर आली होती. त्या दिवशी परीक्षकांनी अहवालावर सही केली, तरच मला तिथे उभं राहू देणार होते.

बाहेरगावचे परीक्षक तासभर गोड बोलले. मग एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "जस्ताचा अणुभार तुम्ही ६५.३९ घेतलाय. संदर्भ मात्र या नव्या तक्त्याचा दिलाय. त्यात तो ६५.३८ आहे. जुना आकडा बदलला, म्हणून तर तो तक्ता निघाला. हा आकडा तुम्हाला त्यात दिसला कुठे?"

आकडा भिंतीवरचा, वर्ष माझ्या मनाचं.

माझे मार्गदर्शक घाईनं म्हणाले, "सर, टायपिंगची चूक असेल."

परीक्षक माझ्याकडे बघत राहिले. मला फक्त मान हलवायची होती. तेवढ्यात मागं खुर्ची सरकली.

"हाव सर, टायपिंग मीच केलंय," अक्का उभी राहून म्हणाली. "माझ्याच हातून झालं असंल."

सही, मुलाखत, पगार, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि तिच्या बोलण्यानं मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज मला आजही वाटते.

"न्हाई सर," मी म्हणालो. बोली अशी एकदम तोंडात आली. "तिनं विचारलं होतं. वर्ष मी बदललं. तक्ता मी उघडलेलाच नाही."

परीक्षकांनी पेनला टोपण लावलं. "एवढ्या फरकानं तुमचा निष्कर्ष बदलणार नाही, ते मलाही कळतं. पण आता बाकीचे संदर्भ कसे खरे मानू? प्रत्येक मूळ पान काढून तपासा, आकडेमोड पुन्हा करा. मग सही करतो."

मुलाखत गेली. पेढे न उघडता परत आले. एसटीत अक्का खिडकीबाहेर बघत होती, आणि माफी मागायची माझी हिंमत झाली नाही.

महिन्याभरानं दुरुस्त पानं घेऊन मी तिच्या दुकानात गेलो. तिनं संगणक सुरू केला, पण बोटं कीबोर्डवर ठेवली नाहीत. माझ्यापुढं हात पसरला.

"आधी तक्ता दाखव."

मी छापून आणलेलं पान दिलं. चष्मा चढवून तिनं जस्ताची ओळ बोटानं शोधली, आकडा दोनदा वाचला आणि मगच टाईप करायला घेतलं.