एकच भाषण, तीन मिनिटांचं

वडील गेले त्या दिवशी पोलादपूरच्या स्मशानात चार जणांनी भाषणं केली. सरण पेटलं होतं, माणसं उन्हात उभी होती आणि एकेक पुढारी पुढं येऊन श्रद्धांजली वाहत होता. त्यातल्या एकानं तर वडिलांचं नावच चुकीचं घेतलं. धाकटा भाऊ घरी येऊन हे सगळं सांगत होता आणि आई भिंतीला टेकून ऐकत होती. ती स्वतः तिथं नव्हती. मीही नव्हते. बायकांनी स्मशानात जायचं नाही म्हणून आम्हा दोघींना दारातूनच मागं फिरवलं होतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या वेळी असलं काही चालणार नाही."

दुःखात माणूस काहीही बोलतो, असं मला वाटलं. पण आई प्राथमिक शाळेतली शिक्षिका होती, एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली. त्यातली निम्मी वर्षं तिनं पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या एका वाडीत काढली होती. गुरं राखणाऱ्या, नाचणी-वरी पिकवणाऱ्या लोकांची वाडी. एका खोलीची शाळा, चार इयत्ता आणि शिकवायला ही एकटी. स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम ती पंधरा दिवस आधी कागदावर उतरवायची. कोण कधी उठणार, काय म्हणणार, किती वेळ घेणार. मग साहेब आले तरी त्या कागदात बदल होत नसे.

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या एका रविवारी ती मला म्हणाली, "मशीन काढ. मी सांगते, तू टाईप कर."

मी तेव्हा महाडला कोर्टात टायपिस्ट होते. रोज एसटीनं जाऊन-येऊन. परीक्षेच्या तयारीसाठी घेतलेलं जुनं मराठी टायपिंग मशीन घरी होतं. पेन्शनचा अर्ज असेल, असं समजून मी कागद चढवला.

"वर मधोमध घे," आई म्हणाली. "माझ्या अंत्ययात्रेचा कार्यक्रम."

माझी बोटं थांबली. "आई, हे काय भलतंच?"

"थांबलीस का? एवढे कोर्टाचे कागद करतेस, आणि हे जमत नाही?"

आवाज अगदी वर्गातला. त्यात रडायला जागाच नव्हती. ती सांगत गेली, मी टाईप करत गेले. वाट फक्त मुलाची पाहायची, आणखी कुणाची नाही. नवी साडी आणायची नाही, कपाटातली निळी सुती नेसवायची. घरातल्या आणि वाडीतल्या बायका स्मशानापर्यंत येतील. सरण पेटण्याआधी वाडीतल्या बायका जात्यावरच्या ओव्या म्हणतील. अग्नी मुलगा आणि मुलगी दोघांनी मिळून द्यायचा. दहाव्याला नदीवर पिंड नाही. त्या दिवशी वाडीच्या शाळेतल्या मुलांना जेवण, गोडाला शिरा. आणि भाषण एकच. तीन मिनिटांचं.

"ते कोण करणार?" मी विचारलं.

तिनं ज्याचं नाव घेतलं, तो महाडचा एक ट्रकमालक होता. वाडीवर बदली होण्याआधी आई महाडजवळच्या एका गावात शिकवायची. तिथल्या मुसलमान मोहल्ल्यातला हा तिचा विद्यार्थी. आता त्याचे तीन ट्रक होते आणि ईदला शीरखुर्म्याचा डबा आमच्याकडे न चुकता यायचा. पण तो बोलताना अडखळायचा. अगदी लहानपणापासून.

"आई, तो चार माणसांत तोंड उघडत नाही."

"माझ्यासमोर उघडायचा. दोन वर्षं रोज शाळा सुटल्यावर वाचन करून घेतलंय त्याच्याकडून. बोलेल तो."

पुढच्या आठवड्यात आम्ही तो कागद घेऊन मामाकडे गेलो. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. आमच्या भावकीतही त्याचा शब्द चालायचा. मी अंगणात बसून त्याला सगळा कागद वाचून दाखवला.

"पोरीनं अग्नी द्यायचा?" मामा म्हणाला. "आपल्यात असं कधी झालंय गो?"

"नाही झालं. आता होईल," आई म्हणाली.

"आणि पिंड नाय? मग कावला शिवायचा कशाला?"

"शाळेच्या कौलांवर पुष्कळ कावळे असतात, दादा. शिरा त्यांनाही मिळेल."

"लोकांचं बोलणं तुला ऐकायचं नाय. मागं राहून मला ऐकायचं हाय." एवढं बोलून मामा उठला आणि गोठ्याकडे गेला. आईनं एक प्रत मामीच्या हातात दिली आणि आम्ही चहा घेऊन निघालो.

त्यानंतर आई पाच वर्षं जगली, तीही धडधाकट. सुरुवातीला तो कागद कपाटात आहे, एवढ्यानंच मला कसंतरी व्हायचं. हळूहळू सवय झाली. 'मी गेल्यावर' हे शब्द ती 'बाजारात गेल्यावर' म्हणावं तितक्या सहज म्हणायची. कागदही बदलत राहिला. वाडीत ओव्या सुरू करणारी म्हातारी आईच्या आधी वारली. आई डोंगर चढून गेली आणि तिच्या सुनेला तयार करून आली. ट्रकमालकानं मुलीची शाळा नववीत बंद केली, तेव्हा आईनं त्याचं नावच खोडलं आणि तसं त्याला कळवलंही. जूनमध्ये मुलगी परत शाळेत जायला लागली. मग मला पुन्हा मशीन काढावं लागलं.

माघातल्या एका सकाळी आंघोळ करून ती वेणी घालायला बसली आणि तशीच कलंडली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी मुंबईला भावाला आणि महाडला ट्रकमालकाला फोन केला, वाडीवर निरोप पाठवला. तासाभरात घर माणसांनी भरलं. कुणी नवी साडी आणायला निघालं, कुणी भटजींना बोलवायला. कोण कुणाचं ऐकतंय तेच कळेना. मी कपाटातून कागद काढला आणि दारात उभी राहिले.

इतक्या वेळा टाईप केलेला कागद. मला तो सहज वाचता येईल असं वाटलं होतं. पण पहिलीच ओळ वाचून मी थांबले.

मामा अंगणात बसला होता. तो उठून माझ्याजवळ आला. "वाच गो. थांबू नको. पुढं काय लिव्हलंय?"

मी शेवटपर्यंत वाचलं. दोघातिघांनी कुरकुर केली. मामा त्यांच्याकडे वळून म्हणाला, "तिनं विचार करून लिव्हलंय. तसंच व्हायचं."

मला नवल वाटलं. नंतर मामीनं सांगितलं की, दर वर्षी सुगी झाली की तो तिला ती प्रत काढून वाचायला लावायचा. ऐकायचा आणि झोपायला जायचा.

भाऊ दुपारी पोचला आणि आम्ही निघालो. वाडीच्या बायका चालत खाली आल्या होत्या. स्मशानाच्या फाटकापाशी त्या घुटमळल्या. मी आत गेले, मग त्याही आल्या. एक पुढारी घसा साफ करत पुढं सरसावला. मामानं हात जोडले. "भाषण नाय, साहेब. एकच माणूस बोलणार हाय."

ट्रकमालक पुढं आला. पहिलाच शब्द त्याच्या ओठांत अडकला. लोकांनी माना खाली घातल्या. त्यानं डावा तळहात उघडला आणि उजव्या हाताचं बोट त्यावरून सावकाश फिरवलं, पुस्तकातल्या ओळीखालून फिरवावं तसं. मग शब्द आले.

"मला वेळ लागतो. वर्गात सगळे हसायचे. बाई म्हणायच्या, घे वेळ, शाळा कुठं पळून जात नाही." तो थांबला, पुन्हा बोट फिरवलं. "मोठेपणी माझं चुकलं, तेव्हा त्यांनी माझं नाव कापलं. माझ्या मुलीसाठी कापलं. ती आता बारावीला आहे."

तीन मिनिटांची दहा झाली असतील. कुणी हललं नाही.

मग वाडीतल्या त्या म्हातारीच्या सुनेनं ओवी धरली. मधेच तिला एक ओळ आठवेना, ती बाकीच्यांनी उचलली. माहेर लांब असलेल्या लेकीची ओवी होती. त्या आवाजातच भावानं आणि मी पेटती चूड हातात घेतली. त्याचं पाऊल पुढं पडेना. मी त्याचं मनगट धरलं आणि आम्ही दोघांनी अग्नी दिला.

दहाव्या दिवशी आम्ही वाडीवर गेलो. शाळेत मुलांच्या पंगती बसल्या. मामा काठी टेकत डोंगर चढून आला होता. तो पातेल्याजवळ बसून शिरा वाढत होता आणि कुणी नको म्हटलं तरी ऐकत नव्हता.

भावकीतल्या दोन घरांनी त्यानंतर आमच्याकडे येणं सोडलं. लग्नाच्या पत्रिकाही धाडल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं, पण केलं ते चुकलं असं एकदाही वाटलं नाही. पुढच्या वर्षी आमच्या आळीतली एक म्हातारी गेली. तिला मुलगा नव्हता आणि पुतण्या यायला तयार नव्हता. तिच्या दोन्ही मुली माझ्याकडे आल्या. थोरलीनं विचारलं, "ताई, तुम्ही बरोबर याल?"

मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले.